पितृपक्षात राहिलेली कॅप

२ सप्टेंबर २००९, बुधवार
रूट कॅनल संपली. उजवीकडची खालची दाढ. रश्मीने केली, माझ्या रश्मीने, तिच्या डेंटल कॉलेजात. इंटर्न झाल्यावरची तिची पहिलीच दाढ आणि ती आईची! घरी अगं-तुगं, तिथे मात्र "अहो आई, तोंड मोठं उघडा." सरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरून बाकीच्या मुलांना हाक मारली, "मुळापर्यंत कसं भरायचं ते बघा." मी आ वासून ऐकत होते. सध्या वर कच्चं सिमेंट. सोमवारी पक्कं फिलिंग, मग कॅप.

५ सप्टेंबर, शनिवार
पितृपक्ष लागला. सासूबाई म्हणाल्या, "या पंधरवड्यात नवं भांडं घेत नाय आमी, आन तू तोंडात नवीन बसवतेस?" मलाही पटलं. र.ला सांगितलं, घट बसल्यावर बघू.
"आई, पितरांना दात नसतात गं."
म्हटलं, जीभ आवर. दुखत तर मुळीच नाही.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
सर्वपित्री. वडा खाताना सिमेंट निघून आलं. खळग्यात लवंगतेलाचा कापूस दाबला. उद्यापासून नवरात्राचे उपास, बाहेरचं पाणीही तोंडात घेत नाही मी. त्या खुर्चीत चुळा कशा भरणार? र.ला आत्ता नको सांगायला. दसरा होऊ दे.

३० सप्टेंबर, बुधवार
र.ने चिमट्याने कापूस काढून माझ्या नाकापुढे धरला. शी!
"आतलं काम कितीही चांगलं असू दे आई, वरून बंद नसेल तर लाळ झिरपते. जंतू थेट मुळाशी. आणि दुखेल कुठून? नस काढलीय."
सर म्हणाले, एक्स-रे तर स्वच्छ आहे, फिलिंग करून टाक.
"नको सर. इतके दिवस उघडी होती. सगळं काढून परत करते."
"अगं, तुझी सगळ्यात चांगली केस आहे ही."
"असू दे."
सगळी मुलं बघत होती. सरांनी एक्स-रे परत दिव्यापुढे धरला, मग "कर" म्हणाले. मुळात भरलेलं ते नारिंगी रबर, ज्याचं एवढं कौतुक झालेलं, तिने स्वतःच ओढून काढलं. त्या दिवशीपेक्षा आज तिचा जास्त अभिमान

पुढे लिहवेना.

१५ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
कॅप बसली. या वेळी मुळं परत भरली त्याच बैठकीत पक्कं फिलिंगही केलेलं, मला उठूच दिलं नाही. पहिली कॅप मात्र र.ने परत पाठवली होती. कडेला केसाएवढी फट म्हणे. मला तर दिसलीही नाही. लॅबवाला चिडला, चिडू दे. सासूबाई खूश, "आता कसा मुहूर्त हाय!"

१७ एप्रिल २०१०, शनिवार
सहा महिन्यांचा एक्स-रे. मुळाच्या टोकाशी बारीक काळसर डाग. र. म्हणाली, "जंतूंनी पोखरलेलं हाड भरून येतंय की डाग वाढतोय, आज सांगता नाही येणार. परत सहा महिन्यांनी बघू." खोटा धीर दिला नाही. मीही मागितला नाही. दिवा लावताना मात्र देवीला सांगितलं, लक्ष ठेव.

रात्री जेवताना सासूबाई गाल धरून बसल्या. "तुजी दाढ कशी हाय?"
म्हटलं, अजून कळायचंय.
"मग मी कोनाकडं जाऊ?"
"रश्मीकडे."