मिटल्या डोळ्यांची आत्या

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्या-उभ्याच). तुझा गुडघा काय म्हणतो? माझा करवतीखाली आलेला अंगठा आता पुन्हा अंगठ्यासारखा दिसू लागलाय. म्हणूनच दुकानात चौकटी कापायचं यंत्र घ्यायचं घाटतंय, आणि त्यासाठीच, तू "ते ध्यान एकदाचं विकून टाक" म्हणालीस म्हणून, तुझं चित्र विक्रीला काढलं.

तर झालं असं, की दलाल आला, पाऊण तास चित्रासमोर उभा राहिला (मी पॉलिश केलेल्या जुन्या चौकटीकडे लेकानं ढुंकूनही पाहिलं नाही) आणि म्हणाला, तुमच्या माडीवरचा तो घुम्या भाडेकरू, खोली सोडताना हे चित्र इथंच टाकून गेलेला, मोठा प्रतीकवादी चित्रकार होता. प्रतीकवादी म्हणजे दिसतं ते नसतं आणि नसतं तेच असतं. तुझे मिटलेले डोळे हा म्हणे आत्म्याचा आतला प्रवास, आणि कललेली मान म्हणजे मृत्यूची चाहूल. आता टेलिफोन एक्स्चेंजात रात्रपाळी करून आलेली बाई सकाळी खुर्चीत बसवली, तर तिची मान कलणार नाही तर काय होणार? पण बोललो नाही, डोळ्यांसमोर यंत्र होतं. त्यानं हळूच विचारलं, "या आता...?" मी मान खाली घातली. (नुसती मान हं, आत्या! तोंडातून चकार शब्द काढला नाही.) त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी तुझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली, मीही पाळली. तुझ्या भाचेसुनेला हसू आवरेना, ती तोंडात रुमाल कोंबून आत पळाली. न्यायाधीश म्हणाले, जखम अजून ओली आहे. आणि नेमका तेव्हाच तुझा फोन! "हो आत्या" तोंडून निघून गेलं, मग सावरून म्हटलं, ही धाकटी. तेव्हा अभिनंदन, तुला एक बहीण झाली आहे.

सगळ्यांना सांभाळून राहा.

तुझा (लाडका की कसा, ते तूच ठरव) भाचा

ता. क. शनिवारी सौदा पक्का होतोय. तोवर मेहेरबानी करून इकडे फिरकू नकोस. अगदीच राहवलं नाही तर मागच्या दारानं ये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं. नवी चौकट घालायला मागची फळी काढली, तर कापडावर पेन्सिलीनं त्या भाडेकरूच्या हातचं लिहिलंय: "आजही झोपली. आजही विचारायचं राहिलं." खाली सतरा तारखा, आणि प्रत्येकीपुढे "झोपली". आत्या, अगं, आणि तू आम्हाला जन्मभर सांगत आलीस की त्या शिष्टानं कधी एक शब्द काढला नाही! दलालाला हे दाखवलं तर भाव दुप्पट होईल. दाखवणार नाही. चित्र विकायचं नाही. यंत्र गेलं खड्ड्यात, अंगठे दोन आहेत. न्यायाधीशांना काय सांगायचं ते मी बघतो. तू ये, चांगली समोरच्या दारानं ये. फळी अजून ठोकलेली नाही. येताना जाड भिंगांचा चष्मा आण, पेन्सिल फार पुसट झालीय.