दोन पंप, एक हात

त्रोनहाइम, १७ जानेवारी १९८८

ती. बाबांस,
तोरुनचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. खोली उबदार आहे. आईने दिलेलं खारवलेलं मटण पहिल्याच आठवड्यात संपलं. हे तिला सांगू नका, लगेच आणखी पाठवील. किंवा सांगाच.

कारखान्याने ज्यासाठी मला इथं धाडलं ते शिकणं सुरू झालं. यंत्र कसं चालतं हे नव्हे, ते किती काळ न बिघडता चालेल, याचं शास्त्र. पहिल्याच दिवशी सरांनी घाम फोडला. यंत्रात शंभर भाग आहेत, प्रत्येक भाग शंभरातल्या नव्याण्णव वेळा नीट चालतो, पण एक जरी बंद पडला तरी सगळं बंद. मग यंत्राचा भरवसा किती? मी ऐटीत नव्वद म्हणाले. उत्तर निघालं सदतीस! तुम्ही एकेका बोल्टावर एवढे का खेकसता ते आता कळलं.

एक काम होतं. एलिंगकाकांनी नव्या बचावबोटीच्या तांडेलकीसाठी अर्ज केलाय, आणि मार्चच्या सभेत ठरणार आहे. ते तांडेल असलेली ‘हावग्लिम्ट’ बोट बुडून चोवीस वर्षं झाली तरी बेटावर अजून त्यांना ‘बुडव्या’च म्हणतात. म्हणे, पाणी शिरल्यावर त्यांनी पंप वेळेत चालू केले नाहीत. तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ आणि त्याच बोटीचे इंजिनवाले. तुम्ही दोन शब्द बोललात तर वजन पडेल. बोलाल ना?

लोभ आहेच, त्याला अधूनमधून तेलपाणी करत जावं.
आपली,
तोरुन

---

स्टोरहोल्मेन, २६ जानेवारी

चि. तोरुन हिस,
अनेक आशीर्वाद.

वस्तू बिघडतात हे शिकवायला आता शाळा निघाली, धन्य आहे. मी फुकट सांगितलं असतं. नवं यंत्र आधी कुरकुरतं, मग काही वर्षं गुण्यागोविंदाने चालतं, मग म्हातारपणी पुन्हा कुरकुर. तुझंही तेच, फक्त तू मधला टप्पा अजून गाठायची आहेस.

परवाच्या वादळात होडीघराचे पत्रे उडाले. दोन सापडले, तिसरा बहुधा आइसलंडला पोचला असेल.

एलिंगचं बघू. समितीवाले आपल्या मनाचंच करतात. भावाने भावाची बाजू घेतली तर लोक हसतील. तू अभ्यासात लक्ष घाल.

प्रकृतीस जपावे, टोपी घालावी.
तुझा,
बाबा

ता. क. मटण पाठवलंय. पुरवून खा. – आई

---

त्रोनहाइम, ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईला सांगा, या खेपेला चार दिवस पुरवलं.

काल वर्गात जे शिकले त्याने मी अजून अस्वस्थ आहे. सरांनी विचारलं, एका बोटीवर दोन पंप आहेत, प्रत्येक शंभरात एकदा दगा देतो, तर दोन्ही एकदम दगा देण्याची शक्यता किती? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, दहा हजारांत एकदा. सर म्हणाले, हे गणित दोन्ही पंपांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तरच खरं. आधी विचारा, ते दुरुस्तीला शेवटचे उघडले कुणी आणि कधी? एकाच माणसाने एकाच दिवशी दोन्ही उघडले असतील तर त्याची एकच चूक दोन्हीकडे गेली. मग पंप दोन दिसले तरी भरवसा एकाचाच.

मला काकाच आठवले. ते पहिल्यापासून सांगतायत की दोन्ही पंप लगेच चालू केले, दोन्ही फिरले, पण पाण्याचा थेंब बाहेर पडला नाही. लोक विचारतात, दोन्ही एकदम कसे बिघडतील? बाबा, बिघडू शकतात! काका खरं बोलत असतील. त्या आधी पंप कुणी उघडले होते, आठवतं का? तुम्ही असला गाढवपणा करणार नाही, म्हणजे गोदीतल्या कुणीतरी केला असणार. नाव आठवलं तर सभेत सांगता येईल.

लवकर लिहा, जीव टांगणीला लागलाय.
तोरुन

---

स्टोरहोल्मेन, २१ फेब्रुवारी

चि. तोरुन हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तुझी आई रोज विचारते, जेवण का जात नाही. काल तिला सांगितलं, आज तुला.

तो गाढव मीच.

तुझ्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मी दोन्ही पंप उघडले. रविवारी मोकळं व्हायचं होतं. रबरी झडपा नव्या धाटणीच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या. पहिली उलटी बसवली आणि तिच्याकडे बघूनच दुसरी. धक्क्याला बोटीच्या तळाशी पाणी नव्हतं. पंप फिरले, आवाज छान आला, मी हात धुतले. रविवारी एलिंगने तुला चर्चमध्ये मांडीवर घेतलं आणि बुधवारी बोट खडकावर गेली, त्या फेरीला मी घरीच होतो. सहाही माणसं होडीतून वाचली. चौकशीत ठपका एलिंगवर आला.

तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात मोठ्या ओहोटीला खडकावर उघड्या पडलेल्या बोटीत गेलो, पंप खोलले, तेव्हा कळलं. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. झडपा कॉफीच्या डब्यात घालून हत्यारांच्या कपाटात ठेवल्या. फेकवल्याही नाहीत. एलिंग पुन्हा समुद्रावर गेला नाही, मासळीच्या कोठारात पेट्या उचलत राहिला. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो.

आता तू काय म्हणशील ते म्हण.
बाबा

---

त्रोनहाइम, २६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

राग आला. खोटं कशाला लिहू? दोन पत्रं लिहून फाडली.

बाप्तिस्म्याचं निमित्त माझ्या गळ्यात बांधू नका. झडप कुणाचीही उलटी बसते. माझ्याही हातून बसेल, म्हणून तर हे सगळं शिकतेय. पण नंतरची चोवीस वर्षं तुम्ही रोज ठरवून गप्प राहिलात, त्याला काय म्हणू?

इथं दर सोमवारी प्रत्येकाने आपली चूक फळ्यावर लिहायची असते, नावासकट. या सोमवारी मी लिहिली. लिहून झाल्यावर जेवण गेलं. तुम्हालाही जाईल.

हे पत्र मला लिहून भागणार नाही. काकांचं घर तुमच्या दारातून दिसतं. डबा घेऊन जा, सभेच्या आधी. तुम्ही माझे बाबा आहात आणि राहाल, म्हणूनच एवढं स्पष्ट लिहितेय.

तुमची,
तोरुन

---

स्टोरहोल्मेन, ३० मार्च

चि. तोरुन हिस,
काकाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

हाल्वर, तुझा बाप, एका सकाळी डबा घेऊन आला. बूटसुद्धा न काढता दारातच सगळं बोलला. मी दार लावून घेतलं. एका आठवड्याने सभा झाली. त्याने डबा टेबलावर उपडा केला आणि तेच सगळं पुन्हा, सगळ्या बेटासमोर सांगितलं. मला बुडव्या म्हणणारे खाली बघत बसले होते. तांडेलकी मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो आणि खूप बोललो. माझं अर्धं आयुष्य मासळीच्या पेट्यांत गेलं, ते कुणी परत देणार नाही, हेही बोललो. तो रडला. मीही.

नव्या बोटीवर दोन पंप आहेत. हाल्वरकडून कळलेला तुझ्या सरांचा नियम मी समितीला सांगितला: दोन्ही एका हाताने, एका दिवशी उघडायचे नाहीत. एक मी उघडणार. दुसरा कोण, असं त्यांनी विचारलं. मी हाल्वरचं नाव दिलं. कुणीतरी ‘त्याचं?’ म्हणालं. मी म्हटलं, झडपेची बाजू त्याच्याइतक्या वेळा तपासणारा माणूस या बेटावर दुसरा नाही.

त्याचा मंगळवार, माझा शुक्रवार. काल मंगळवार होता. काम आटोपून तो माझ्या दारात उभा राहिला. या खेपेला बूट काढले. मी कॉफी ठेवली. दोघांनी एकाच किटलीतली घेतली, तेवढं चालतं का, सरांना विचारून कळव.

तुझा,
एलिंगकाका