समुद्राच्या गोट्याला शेंदूर

४ नोव्हेंबर २००८
नागपूरहून गावी. आमगावला उतरून ऑटो. पिशवीत स्वेटरमध्ये गुंडाळलेला गोटा, सारखा हात लावून बघत होते. हिंदी महासागराच्या तळावरच्या पठारावरून जहाजाने उपसून आणलेला. माझ्या वाट्याच्या तुकड्यांपैकी हा शेवटचा, बाकीचे दळून संपले. लॅबमध्ये रंगकाम, कपाटं बाहेर काढलेली. सर म्हणाले, "घरी ने, पण जिवापाड जप." पीएच.डी.चा शेवटचा प्रश्न यालाच विचारायचाय. उत्तर उलटं आलं तर सगळी वर्षं वाया. झोप नाही.

५ नोव्हें.
आईने विचारलंच, "काय आहे वो त्या गोट्यात इतकं?" चुलीपाशी बसून सांगितलं. समुद्राच्या तळाला लांबच लांब भेग असते, तिथून लाव्हा येत राहतो, त्याची डोंगररांग होते. आणि कुठे कुठे फार खोलातून एकाच जागी उष्णता वर येते, तो हॉटस्पॉट. हॉटस्पॉट नेमका रांगेखाली आला, तर लाव्हा इतका निघतो की तळावर पठारच उभं राहतं.
"पेजेच्या गंजावरचं झाकण आधीच सरकलेलं, त्यात खालून जाळ वाढवला तर?"
"पेज उतू जाईल, अजून काय."
झालं, एवढंच माझं संशोधन! हा गोटा जिथला, ते पठार असंच उतू गेलं हे माझं म्हणणं. नुसत्या रांगेच्या दगडातलं शिसं वेगळ्या जातीचं, हॉटस्पॉटचं वेगळं. गोट्यातलं शिसं मोजलं की कळेल.
आई गोट्याकडे बघतच राहिली. "आगीतून निघाला, पाण्यात राहिला. साधा नाई हा."
मी हसले. मग बोलता बोलता फार भीती वाटते म्हणाले. ते तिला सांगायला नको होतं.

७ नोव्हें.
झेरॉक्स काढायला गोंदियाला. दुपारी घरी आले तर गोटा देवघरात. लालभडक. तेलात कालवलेला शेंदूर सगळीकडून थापलेला, वर झेंडूचं फूल.
 शेंदूर म्हणजे शिसंच की! त्या दगडात शिसं नावालाच, कणभर. आणि तिने मूठभर चोपडलं.
ओरडले. फार ओरडले. "काऊन केलं वो हे? कोणी सांगितलं होतं तुले?"
"तू भिऊन राहिली होती ना बाई. म्हटलं, देवच आहे त पुजून घेऊ. तुह्या परीक्षेले पाठीशी राहील."
 आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावरच्या गोट्यालाही शेंदूर लागतो, हा तर समुद्रातून आलेला. तिच्या परीने तिने माझं भलंच केलं. 

८ नोव्हें.
घासला, पुसला. गोटा भोकाभोकांचा, लाव्हातली हवा निघून गेल्याच्या खुणा. भोकांत लाली दिसते. तेल आत कुठवर झिरपलं असेल, देव जाणे. आई दारातून बघत होती, जवळ आली नाही. सरांना फोन... नाही केला.

१४ नोव्हें. नागपूर
करवतीने सगळ्या बाजू कापून टाकल्या. आतला गाभा काळा, स्वच्छ दिसतो. नुसता दिसतो. आम्लात धुतला, पुन्हा धुतला. चुरा मोजणीला पाठवला. सरांना अजून सांगितलं नाही. उद्या सांगते, उद्या सांगते चाललंय.

९ डिसें.
आकडे आले. सर खूश. "हॉटस्पॉटच! तू म्हणत होतीस तस्संच." लगेच पेढे मागवले.
माझा पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. आकडे रांगेपासून लांब, मला हवे तिथेच जाऊन बसलेत. हे हॉटस्पॉटचं शिसं की आईच्या शेंदराचं? इतकं कसं जमून आलं?

११ डिसें.
सरांना सांगितलं. उभ्याउभ्याच, बसले असते तर बोलले नसते. सर रागावले नाहीत, त्याने आणखीच धास्तावले. म्हणाले, "त्याच पुडीतला शेंदूर आण. त्याचंही शिसं मोजू. वेगळं निघालं तर सुटलीस. जुळलं तर..." 

१४ डिसें. गावी
पुडी मागितली. कशाला, ते सांगावंच लागलं. ऐकता ऐकता आई खाली बसली.
"म्हंजे माह्याच हातानं तुह्यं वाटोळं झालं का वो?"
"नाई वो आई, तसं नाई अजून."
अजून कशाला म्हणाले मी? तो शब्द तिने बरोबर पकडला. 
पुडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. निघताना नेहमीसारखी कुंकवाची डबी घेऊन आली. बोट कपाळापर्यंत आलं आणि थांबलं. मग तिने ते पदराला पुसून टाकलं. "राहू दे. तुले आणखी काई लागून जाईल."
मी वाकून कपाळ पुढे केलं. तिने नाही लावलं.