पुसलेली तार

१२ मार्च, मंगळवार

आजही तारच! प्राचीन ग्रीसवरच्या त्या मारधाडीच्या सिनेमाचा दुसरा भाग. पहिल्या भागात एकूण सांडलं तेवढं रक्त यात दहा मिनिटांतच सांडतं. सैनिक हवेत उडतात, सावकाश, ऐटीत. त्यांना उचलून धरणारी तार पडद्यावरून पुसायची, हे माझं काम. सेकंदाला चोवीस फ्रेम, एकेक हाताने.

इतिहासाची पदवी वाया जाऊ नये म्हणून स्टुडिओतल्या सरांना सांगून पाहिलं — तिथले सैनिक असे उघड्या छातीने लढत नसत, चिलखत घालत. सगळी खोली हसली. सर म्हणाले, "मॅडम, लोक छात्याच बघायला येतात. तुम्ही तार पुसा."

दादा याच सिनेमात आहे, भालेवाल्यांत. पहिल्या भागात अकरा वेळा मेला, दर वेळी वेगळं शिरस्त्राण घालून. आमच्या घरातली पहिली पदवी त्या मरणांवरच झाली. "तू शीक, मी मरत राहतो," म्हणायचा. आई चिडायची.

१५ मार्च

तटावरून पडणाऱ्या सैनिकाचा शॉट आलाय. ट्रेलरसाठी, परवा हवा. दोनशे बारा फ्रेम! शेवटी तार तुटते आणि हवेत वळवळते. मागे धूर, ज्वाळा — पुसायला महाकठीण. सैनिक फ्रेमच्या खाली निघून जातो. खाली गाद्या असतात, तुटणंही ठरवूनच असणार. मी विचारलं नाही.

दादाचा फोन. पाय मुरगळलाय, यायला उशीर होईल.

१७ मार्च, रविवार

सुट्टी असून गेले. सरांनी खुर्चीमागे उभं राहून तीनदा पाहिलं. "इथे तार होती हे देवालाही सांगता येणार नाही." शॉट पास! नियमाप्रमाणे माझ्या मशीनवरची मूळ प्रत पुसून टाकली. घरी येताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

२० मार्च

त्याच जिन्यावरून आज दादाला चौघांनी चादरीत घालून वर आणलं. पाय नाही, कंबर. पायाची बोटं हलतात, बाकीचं थांबून बघू, असं डॉक्टर म्हणतात. आईने घाबरू नये म्हणून मुरगळल्याचं सांगत होता.

अकरा तारखेला तटावरून पडला. तार तुटली. मागे ज्वाळा होत्या, धूर होता, असं तो सांगत गेला. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि ओटा धरून उभी राहिले.

दोनशे बारा वेळा पाहिलं मी त्याला. ओळखलं नाही!

२२ मार्च

सिनेमा कंपनीचा माणूस फळं घेऊन आला. फार गोड बोलला. म्हणे, पट्ट्याला तारेचा हुक लावायला हाच विसरला, त्याला कंपनी काय करणार? कामगार खात्याला शॉटही दाखवलाय, त्यात तार कुठे दिसते?

माझाच शॉट. मी म्हटलं, तार मी पुसली आहे. तो म्हणाला, "मग मूळ दाखवा ना, ताई."

२५ मार्च

सरांकडे गेले. ते टेबलाकडे बघून बोलत होते. मूळ प्रत कंपनीकडे होती, ती खराब झाली म्हणतात. आणि बाहेर काही बोलणार नाही अशा कागदावर माझी सही आहे. सर वाईट नाहीत. घाबरलेत.

तरी कामगार खात्यात गेले. सत्य सांगितलं की झालं, असं आजवर वाटायचं मला. साहेबांनी दोन पानं लिहून घेतली. मग विचारलं, "तुम्ही त्यांच्या बहीण ना?" आणि पेनाला टोपण लावलं.

२६ मार्च

काही नाही.

२८ मार्च

दादा छताकडे बघत म्हणाला, "विसरलोही असेन गं. घाई चालली होती." हुक दोनदा ओढून बघितल्याशिवाय पाऊल न उचलणारा माणूस! मी म्हटलं, तार होती, मी डोळ्यांनी पाहिलीय. तो समजूत काढल्यासारखा हसला. "तू माझी बहीण आहेस, तू असंच म्हणणार."

साहेबांचंच वाक्य. त्याच्या तोंडून!

३१ मार्च, रविवार

ट्रेलर आला. खाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलंय — एक मिनिट सात सेकंदांवर शेजारच्याच्या ढालीत तुटकी तार दिसते, काय हे गबाळं काम, पुसणाऱ्याला घरी बसवा! हजारो लोक हसलेत. सरांचे नऊ फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

तिथेच थांबवून पाहिलं. आहे! चकचकीत ढालीत दादा, कमरेच्या हुकात तार, वर तिचं तुटकं टोक. ढाल पुसायची राहिली माझ्याकडून.

फोन दादाच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने दोन बोटांनी हुक मोठा करून पाहिला.

"लावला होता मी," म्हणाला.