समासातल्या काकू

३ मार्च
सोनवणे काकांची फाईल आली. निवृत्त टंकलेखक, मु. येरवडा. आत्मचरित्र, १८० पानं. वर्डमध्ये बडवलंय, पण सवय टाइपरायटरची. दर ओळीला एंटर. मजकूर पुस्तकाची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला तर कवितासंग्रह झाला. दिवसभर एंटर काढले. फोनवर काका : "अहो मॅडम, ओळ संपल्यावर मारायचा नाही तर कधी मारायचा?" माणूस गोड आहे, म्हणून.

८ मार्च
प्रूफ दिलं. काका खूश. लग्नाला पन्नास वर्षं होतायत, त्या दिवशी नातेवाइकांना वाटणार.

९ मार्च
काकूंचा फोन. निवृत्त नर्स, आवाज अजून वॉर्डातलाच. "माझं कुठंय?"
मला कळेना. मूळ फाईल उघडली, कॉमेंट दिसायला लावल्या. उजवीकडे समासात शेरे, बेचाळीस, सगळे काकूंचे! मुलीनं शिकवलं म्हणे. मजकूर आत घेताना कॉमेंट बाहेरच राहतात, हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. पण मी त्या दिसणंच बंद करून ठेवते. लेखक तिथे मला अक्कल शिकवतात. चूक माझीच.

१० मार्च
बाकीची कामं बाजूला, शेरेच वाचले.
काका : 'बदली नाकारून मी घर सावरले.' काकू : 'नाकारली मी. यांनी बॅग भरली होती.'
काका : 'मुलीच्या जन्मावेळी मी दिवसभर दवाखान्यात होतो.' काकू : 'खरं आहे. बसलेसुद्धा नाहीत.'
ही बाई मला फार आवडायला लागलीय.
पान ६४ वर मात्र : 'धाकट्याबद्दल इथे काहीच नाही. चार महिने होता. मिलिंद नाव.'
उठून चहा केला. प्यायला नाही.

११ मार्च
काकांना विचारलं, शेरे छापायचे का? "छे हो. मी वाचले पण नाहीत. ती बोलतच असते."
काकू : "पन्नास वर्षं यांचं ऐकलं. एवढं छापा."
आता मध्ये मी.

१४ मार्च
बाहेरचा समास रुंद केला, बेचाळीसही शेरे बारीक टाइपात हातानं बसवले. पानं छापून स्वतः नेऊन दिली. काकूंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी खायला लावली. काका गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत.

१७ मार्च
काकांचा फोन नाही. न राहवून काकूंना केला.
"वाचतायत. चौसष्टवर आहेत."
"कधीपासून?"
"कालपासून."
उगाच नाक खुपसलं का मी?

१९ मार्च
काकांची ईमेल, सोबत नवी फाईल. 'पान ६४ साठी.' उघडली. एकच ओळ, तीही अर्धी : 'मिलिंदला मी आंघोळ घालायचो तेव्हा तो'
पुढे कोरं.
ईमेलमध्ये : 'बाकीचे लिहीत आहे. वेळ लागेल. तिचे शेरे राहू द्यावेत.'
कार्यक्रमाला आठ दिवस उरलेत. काकूंना फोन केला, म्हटलं, पुस्तक वेळेत होणार नाही बहुतेक. त्या म्हणाल्या, "त्यांना घाई करू नका." आवाज वॉर्डातला नव्हता.
छापखान्याला कळवलं, आमची तारीख दुसऱ्याला द्या. लेखकाचा मजकूर यायचाय.