हिरवळीचे टायर

६ सप्टेंबर
ट्रॅक्टर आला. छोटाच, पण आपला. टायर निवडायला गेलो. दुकानात वेंडेल पॅक्वेट, माझ्या वर्गात गणितात दोनदा नापास. तो मला शिकवणार. म्हणे शेतीचे खोल नक्षीचे टायर बर्फात चालतात, पण हिरवळ फाडतात. हिरवळीचे टायर गवत कापायला उत्तम, उतारावर घसरतात. मधल्या नक्षीचे लोडरला, म्हणजे पुढच्या उचलत्या खोऱ्याला बरे. ते घ्या सर, मागच्या टायरांत वजनाला बीटचा रस भरा, तो गोठत नाही, वर साखळ्या लावा. बीट मी ताटातसुद्धा बाजूला सारतो. हिरवळीचे घेतले. रुंद टायर, जास्त पकड. साधी भूमिती.

७ सप्टेंबर
कॉरीन डायलिसिसची नर्स. तिचं एकच म्हणणं: बर्फ कितीही पडो, पहाटे साडेपाचला आपल्या उतारावरून माझी गाडी खाली गेली पाहिजे, पेशंट खोळंबतात. बायकोला शब्द दिला. वीस हिवाळे वाट साफ करणाऱ्या ऑरिनला फोन केला, यंदा येऊ नकोस. तो 'बरं' म्हणाला. या माणसाला पूर्ण वाक्य येतच नाही.

३ ऑक्टोबर
लोडरनं खडी उचलली. मागची चाकं हवेत, मी स्टिअरिंगला लटकलेला. कॉरीन खिडकीत होती. हसली नसावी. मागच्या टायरांत नळाचं पाणी भरलं. फुकटात वजन. वेंडेलला हे सुचायचं नाही.

११ ऑक्टोबर
शेवटची गवतकापणी. हिरवळीत दोन लांब चर. जमीनच पोचट. कॉरीन म्हणाली, त्यात बटाटे लाव.

२ डिसेंबर, पहाटे ५
रेडिओवर फूटभर बर्फाचा इशारा. उठलो, कानातलं यंत्र चढवलं, बाहेर आलो. वाटेवर जेमतेम दोन बोटं. कडेला ढीग, वाऱ्यानं झाले असतील. दहा मिनिटांत साफ. हवामान खातं म्हणजे पगारी थापाडे.

१९ डिसेंबर
पुन्हा इशारा, पुन्हा दोन बोटं. टायर अप्रतिम. ट्रॅक्टर जरा धडधडतो. नवा आहे, अंग मोकळं करतोय. कॉरीन कॉफीच्या कपात बघत 'छान' म्हणाली.

९ जानेवारी
कडाक्याची थंडी. हुरूप होता, चारलाच उठलो. वाटेवर गुडघाभर बर्फ. काही कळेना. ट्रॅक्टर काढला तर धाड धाड. टायरांतल्या पाण्याचा दगड झालेला. उतार लागताच आडवा घसरला आणि वाट अडवून रुतला. कॉरीन गणवेशात दारात. तिनं घड्याळ पाहिलं. मला खरीच भीती वाटली.

साडेचारला खालून दिवे आले. ऑरिनचा ट्रक, पुढे बर्फ ढकलायचं पातं. साखळी लावून त्यानं ट्रॅक्टर ओढला, वाट मोकळी केली. मी विचारलं, तू कसा काय आलास. तेव्हा पूर्ण वाक्य निघालं.

"बाई सप्टेंबरातच म्हणाल्या, त्याला हौस करू दे, तू साडेचारला येऊन जात जा आणि त्याच्यासाठी दोन बोटं ठेवत जा."

कॉरीन वेळेत गेली. फार लाज वाटली.

दुपारी वेंडेलकडे बीटच्या रसाची चौकशी केली. माझ्या नावाची चिठ्ठी लावलेलं पिंप त्यानं सप्टेंबरापासून बाजूला काढून ठेवलं होतं.