चढावर उतरलो तेव्हा

रविवार, संध्याकाळ

हर्नियाच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा सायकल काढली. डॉक्टरांची परवानगी होती, तरी हात सारखा जांघेकडे जात होता. पूर्वी तिथे गाठ यायची, ती दाबून मी पुढे निघायचो. आता गाठ नाही, तरी हात जातोच. सवय की भीती?

धायरीच्या चढावर मुकाट्याने उतरलो. माझे नेहमीचे सोबती जोशी मागून आले आणि तेही उतरले.

"अहो, तुम्ही कशाला उतरलात?"

"मलाही तेच झालंय. घरी बोललो नाही अजून. ऑपरेशननंतर फार दुखतं का?"

"खोकला आला की पोटाशी उशी धरायची. पण आज घरी सांगा."

ते सायकल ढकलत चढाच्या माथ्यापर्यंत आले. मग म्हणाले, "सांगताना तुम्ही याल?"

त्यांच्या दाराशी सायकली लावून दोघंही आत गेलो.